वर्गणीचा क्लब आणि आमचं नाव-नंबरचं दुकान

विंबल्डन म्हटलं की आपल्या लोकांना टेनिस आठवतं, स्ट्रॉबेरी आठवते. आमच्या दुकानापासून ती हिरवळ जेमतेम तीन मैलांवर. बावीस वर्षांत मी एकदाही तिकडं फिरकलेलो नाही. आमचं मीठ-भाकरीचं नातं जडलं ते दुसऱ्या विंबल्डनशी, फुटबॉलच्या.

दुकान म्हणजे काय, तर लंडनच्या दक्षिणेला टूटिंगमध्ये, एका शिंप्याच्या दुकानामागची खोली. २००३ साली मी ती भाड्यानं घेतली. एका डोक्याचं जुनं एम्ब्रॉयडरी मशीन, एक हीट प्रेस, व्हिनाइल कापायचा छोटा प्लॉटर, एवढाच संसार. वडील इचलकरंजीत मागावर जॉबर होते, त्यामुळे मशीन बिघडलं की घाबरायचं नाही, आधी कान लावून आवाज ऐकायचा, हे मला शिकवावं लागलं नाही. धंदा मात्र कुणी शिकवला नव्हता. शाळांचे स्वेटर, हॉटेलातल्या पोरांचे एप्रन आणि रविवारी मैदानावर खेळणाऱ्या हौशी संघांचे शर्ट. पाठीवर नाव आणि नंबर टाकायचा, सुट्टं पाहिजे तर सुट्टं, चौदाचा संच पाहिजे तर संच.

पहिल्याच महिन्यात एक पन्नाशीचा गृहस्थ निळे शर्ट घेऊन आला. पिवळ्या अक्षरात नावं टाकायची होती. प्रेस तापेपर्यंत त्यानं मला त्याच्या क्लबची गोष्ट सांगितली, आणि मला वाटलं, हा आपल्या पेठेतलाच कुणीतरी बोलतोय.

गोष्ट अशी. विंबल्डनचा फुटबॉल क्लब १८८९ चा. १९८८ साली त्यांनी वेम्बलीवर लिव्हरपूलला १-० नं हरवून एफए कप जिंकला होता. पण १९९१ मध्ये प्लाऊ लेनवरचं त्यांचं मैदान सुटलं. (प्लाऊ म्हणजे नांगर. मी मनात त्याला कायम नांगर गल्लीच म्हणतो.) पुढची वर्षं दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाडकरूसारखी काढली. शेवटी मालकांनी क्लबच मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं आणि २८ मे २००२ ला तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. अंतर नव्वद किलोमीटर. कोल्हापुरातल्या तालमीचा संघ उचलून कराडच्या पुढं नेऊन ठेवावा आणि तुम्ही तिथं येऊन ओरडा म्हणावं, तसं.

लोक ओरडायला गेले नाहीत. त्यांनी नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. २९ जूनला विंबल्डन कॉमनच्या गवतावर चाचणी ठेवली, २३० पोरं आली. १० जुलैला सटनमध्ये पहिला मैत्रीचा सामना झाला. चार गोल खाल्ले, एकही केला नाही, आणि बघायला माणसं ४,६५७. लीगची नववी पायरी वाट्याला आली, म्हणजे आपल्याकडं जिल्हा पातळीचा खेळ, तिथं यांच्या घरच्या मैदानावर तीन-तीन हजार लोक.

मला पकडलं ते पुढच्या वाक्यानं. तो म्हणाला, वर्षाला पंचवीस पौंड भर, तूही मालक. एक सभासद, एक मत. कुणी पंचवीस दिले काय आणि पंचवीस हजार दिले काय, मत एकच.

ही तर सूतगिरणी झाली! आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना, दूध संघ, गिरणी, सगळं याच हिशेबानं चालतं, निदान कागदावर तरी. सहकाराचा १९०४ चा कायदाही इंग्रजांचाच. सर्वसाधारण सभेत माईक ओढण्यापर्यंतची आमची प्रगती मात्र आपली स्वतःची. मी पंचवीस पौंड भरले. घरी सौ. म्हणाल्या, "अहो, खोलीचं भाडं थकलंय आणि तुम्ही क्लबाचे मालक?"

तेव्हापासून शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी १३१ नंबरची बस धरून किंग्समेडोला जायला लागलो. हे मैदान किंग्स्टनच्या बाजूला. २००३ मध्ये क्लबनं ते सुमारे २४ लाख पौंडांना घेतलं, लोकांना शेअर विकून आणि कर्ज काढून. सरावाला कपडे नाहीत अशी सुरुवात झालेल्या मंडळींनी वर्षभरात मैदान घेतलं याचं मला अप्रूप वाटायचं. २००३-०४ च्या हंगामात त्यांनी लीगच्या ४६ सामन्यांत एकही हरला नाही, ४२ जिंकले. माझा हंगाम विचाराल तर मी तोट्यात होतो.

आता खरं काय ते सांगतो. आमचा धंदा हंगामी. जुलै-ऑगस्टमध्ये संघ तयार होतात, तेव्हा रात्री दोन-दोनपर्यंत प्रेस चालते. डिसेंबर ते मार्च माश्या मारायच्या. पण व्हिनाइल आणि कोरे शर्ट घ्यायचे मे-जूनमध्ये, रोखीनं. गिऱ्हाईक पैसे देणार ऑक्टोबरात. वर्षाच्या शेवटी वहीत नफा दिसायचा आणि फेब्रुवारीत भाड्याला पैसे नसायचे. हे मला पाच वर्षं कळलंच नाही. २००९ च्या सुरुवातीला एका मोठ्या गिऱ्हाइकानं दिवाळं काढलं, आमचे नऊ हजार चारशे पौंड बुडाले. बँकेनं ओव्हरड्राफ्ट वाढवून द्यायला नकार दिला. कामाला असलेल्या पोराला मी दोन महिने अर्धा पगार दिला. तो काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

उपाय सापडला तो किंग्समेडोच्या गर्दीत. क्लब हंगामी तिकिटं कधी विकतो? मे-जूनमध्ये, एकही सामना व्हायच्या आधी. म्हणजे बघणारे लोक क्लबाला वर्षभराचं खेळतं भांडवल बिनव्याजी देतात, वर आनंदानं देतात. मी आमच्या सहा नेहमीच्या संघांच्या सचिवांना फोन केले. जूनमध्ये अर्धे पैसे आगाऊ द्या, प्रत्येक शर्टामागं एक पौंड कमी लावतो, आणि हंगामात मधेच नवा खेळाडू आला तर त्याचं नाव-नंबर फुकट. पाच जण हो म्हणाले. त्या वर्षी पहिल्यांदा मी उधारीशिवाय माल भरला. आज आमची चाळीसहून जास्त संघांशी हीच बोली आहे.

पण क्लबाची गोष्ट सोपी नव्हती, आणि ते कळायला मला आणखी वेळ लागला. २०११ साली मँचेस्टरमध्ये ल्यूटनला पेनल्टीवर हरवून ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, आले. नऊ वर्षांत पाच बढत्या. आम्ही दुकानात पेढे वाटले, शिंप्यानंही खाल्ले. मात्र वरच्या पंगतीत बसलं की ताट महाग होतं. खालच्या लीगमध्ये खर्च म्हणजे मुख्यतः खेळाडूंचे पगार. त्यावर लगाम म्हणून नियम होता, लीग टूमध्ये (ही चौथी पायरी) उत्पन्नाच्या ५० टक्के, लीग वनमध्ये (ही तिसरी) ६० टक्के, त्यापलीकडं खेळाडूंवर खर्च करायचा नाही. ऐकायला न्याय्य. मेख अशी की धनवान मालकानं खिशातून घातलेला पैसाही त्या उत्पन्नात धरला जायचा. म्हणजे शेजारच्या क्लबाचा मालक चेक लिहून मोकळा, आणि आमच्यासारखे हजारो मालक पंचवीस-पंचवीस पौंडांची पावती फाडतायत. मागच्या दारानं पैसा येत नसेल तर पुढच्या दारानंच यायला हवा: तिकीट, खाणंपिणं, शर्ट, कपात मोठ्या संघाशी पडलेली गाठ. २०१५ च्या जानेवारीत लिव्हरपूल किंग्समेडोवर आलं, टीव्हीवर सामना झाला, १-२ नं हरलो. मैदानावर कुणी हरल्यासारखं वागत नव्हतं. बहुतेक सगळे मनातल्या मनात टीव्हीच्या पैशाचा हिशेब करत होते.

लोकांचे क्लब मग विकले का जातात, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पोर्ट्समथचं उदाहरण देतो. २०१३ मध्ये तिथल्या चाहत्यांनी क्लब दिवाळखोरीतून सोडवला, कर्ज फेडलं आणि २०१७ मध्ये स्वतःच मत देऊन एका अमेरिकन मालकाला विकला. त्यांना नावं ठेवणारे आहेत, मी ठेवत नाही. स्टेडियमच्या दुरुस्तीचं बिल समोर आलं की वर्गणीदाराचा घसा कोरडा पडतो. उलट एक्सेटरवाले २००३ पासून अजून टिकून आहेत. २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला त्यांनी ०-० रोखलं, दुसरा सामना घरी मिळाला, त्या दोन सामन्यांच्या पैशानं क्लब वाचला. पुढं घरचीच पोरं तयार करून विकली. आणि दुसरी बाजू पाहायची तर बरी नावाच्या गावचा संघ बघा. १८८५ चा क्लब, मालक एकटा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगनं त्यांना काढून टाकलं.

त्याच २०१९ मध्ये आमच्या क्लबावर खरी वेळ आली. प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागेवर नवं स्टेडियम उभं राहत होतं. खर्च तीन कोटी पौंडांच्या वर. किंग्समेडो चेल्सीला विकून आलेले पैसे होते, शेजारी घरं बांधणाऱ्या बिल्डरचा वाटा होता, उन्हाळ्यात लोकांनी छोट्या रकमांनी वीस लाखांहून जास्त जमा केले होते. तरी डिसेंबरमध्ये कळलं, एक कोटी दहा लाख पौंड कमी पडतायत. बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा द्यायचा विचार पुढं आला. सभेत जे झालं ते मी आमच्या गिरणीच्या सभेत पाहिलेलं होतं, फक्त इथं लोक शिव्या देताना 'माफ करा' म्हणत होते.

मग काही सभासदांनीच रोखे काढले. किमान हजार पौंड. मुदत पाच, दहा किंवा वीस वर्षं. व्याज किती घ्यायचं ते तुम्हीच सांगायचं, शून्यापासून चार टक्क्यांपर्यंत. सावकाराला व्याज विचारणारी अशी योजना मी जन्मात पाहिली नव्हती. काही आठवड्यांत पन्नास लाखांवर जमा झाले, उरलेलं इतर मार्गांनी भागवलं, आणि क्लब सभासदांच्या हातातून गेला नाही.

आम्हीही हजाराचा एक घेतला. दहा वर्षं, शून्य टक्के. तेव्हा आम्ही सहा डोक्यांच्या नव्या मशीनसाठी पैसे साठवत होतो, त्यातलेच ते. सौ. आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या.

आणि मार्चमध्ये टाळेबंदी. क्लब असो की दुकान, शर्ट घालून धावणारं कुणी नाही, बघणारं कुणी नाही. आगाऊ घेतलेले पैसे मी संघांना परत करायला काढले तर चार सचिवांनी 'पुढच्या हंगामाला धरा' म्हणून सांगितलं. मास्क शिवले, दवाखान्यांच्या कपड्यांवर नावं टाकली, सरकारी मदतीच्या कर्जावर तगलो. ३ नोव्हेंबर २०२० ला नव्या प्लाऊ लेनवर डॉनकास्टरशी पहिला सामना झाला, २-२. एकोणतीस वर्षांनी क्लब घरी आला आणि गॅलरीत एकही माणूस नाही. मी तो लॅपटॉपवर पाहिला, शेजारी एम्ब्रॉयडरी मशीन चालू होतं.

दरम्यान दुकानात एक प्रसंग वारंवार यायचा. लोक येऊन म्हणायचे, क्लबाचं बोधचिन्ह शर्टावर टाकून द्या, बाहेर फार महाग मिळतं. मी नाही म्हणतो. पोर हिरमुसतं, बाप चिडतो. त्या शर्टातले चार पैसे क्लबाच्या गल्ल्यात जातात, आणि त्या गल्ल्याचा मी मालक आहे, हे त्यांना कसं सांगणार? वर ते बेकायदेशीरही आहे, पण ते कारण मी दुसऱ्या नंबरवर सांगतो.

नंतरची वर्षं भराभर गेली. २०२२ मध्ये संघ लीग वनमधून लीग टूमध्ये घसरला. २०२४ च्या जानेवारीत सर्वांत जास्त गोल करणारा अली अल-हमादी इप्सविचला विकला. हंगामाच्या मध्यात आपलं सगळ्यात चांगलं मशीन विकण्यासारखं ते, पण भाडं थकलं की माणूस तेच करतो, मला विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये पावसानं वँडल नदी फुगली, पाणी मैदानात शिरलं आणि गवताचा एक तुकडा खालीच गेला. न्यूकॅसलशी ठरलेला कपाचा सामना घरी खेळता आला नाही, तिकडं जाऊन खेळावा लागला. घरच्या मैदानावर असा सामना म्हणजे आमच्यासारख्या क्लबाची दिवाळी. ती हुकली. चाहत्यांनी पुन्हा झोळी फिरवली, लाखावर पौंड जमले, न्यूकॅसलनंही हातभार लावला. इचलकरंजीचा माणूस पंचगंगेचा पूर बघून मोठा झालेला असतो, तरी त्या खड्ड्याचा फोटो बघून मला जेवण गेलं नाही. आठ महिन्यांनी, २६ मे २०२५ ला, त्याच संघानं वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून लीग वन गाठली. त्या रात्री मी पुन्हा पेढे आणले. शिंपी आता नाही, त्याचा मुलगा खातो.

सहा डोक्यांचं मशीन शेवटी २०२३ मध्ये आलं, हप्त्यांवर. जुनं एका डोक्याचं अजून कोपऱ्यात आहे, सुट्ट्या नावांसाठी तेच बरं पडतं. कामाला तिघं आहेत, फेब्रुवारीतही पूर्ण पगार मिळतो.

रोख्याचा कागद प्रेसच्या वर चौकटीत लावलाय. २०३० ला पैसे परत यायचे आहेत. हिशेब सौ. बघतात, त्यांनी तो 'येणे' या खात्यात धरलाय. माझ्या वहीत तो 'वर्गणी' खाली खर्ची पडलाय. दरवर्षी मार्चअखेर आमचे दोघांचे ताळेबंद हजार पौंडांनी जुळत नाहीत, आणि हिशेबनीस दरवर्षी विचारतो की नक्की कोणतं धरू.