कावीळ दिसत नव्हती, विषाणू होता

"सिस्टर, सुनेला काविळीचा आजार म्हणता, मग डोळे पिवळे कुठं हायेत तिचे?" प्रसूतिकक्षाच्या दाराशी सासूबाईंनी मला अडवलं.

प्रश्न रास्त होता. सून धडधाकट, सातव्या महिन्यापर्यंत कापूस वेचलेली. पण तिच्या कार्डावर लाल शाईत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' (म्हणजे अंगात हिपॅटायटिस बीचा विषाणू) लिहिलेलं होतं आणि रक्तातल्या विषाणूंचा आकडाही मोठा आला होता. हिपॅटायटिस बी यकृतात वर्षानुवर्षं वाढत राहतो, वरून काही कळत नाही. म्हणून तर गरोदरपणात ही तपासणी करायची. तिला 28व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी गोळी सुरू होती.

बाळ रडलं आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर बहुतेक वेळा शरीर तो निपटून टाकतं. बाळंतपणात बाळाला झाला, तर 90 टक्क्यांपर्यंत बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे सिरॉसिस (यकृत घट्ट होत निकामी होणं), यकृताचा कर्करोग. आईचं रक्त बाळाच्या अंगावर असतंच, त्यामुळे आधी मांड्या नीट पुसून घेतल्या, मगच सुई टोचली. एका मांडीत लसीचा अर्धा मिली, दुसरीत इम्युनोग्लोब्युलिन. लसीचा असर यायला वेळ लागतो, तोवर इम्युनोग्लोब्युलिनमधली तयार प्रतिपिंडं राखण करतात. दोन्ही 12 तासांच्या आत द्यायचं असतं. आम्ही तासाभरात दिलं.

बाहेर आले तर सासूबाईंनी सुनेचं ताट-वाटी वेगळं काढलेलं, बाळासाठी वरचं दूधही मागवलेलं. जीव कळवळला. ज्याची भीती बाळगायची ते बाजूलाच राहतं आणि बाळंतीण एकटी पडते. "मावशी, एका ताटात जेवल्यानं हे लागत नाही. बाळाला अंगावरचंच पाजायचं. हा आजार रक्तातून लागतो. दुसऱ्याचं ब्लेड, टूथब्रश, वापरलेली सुई, जत्रेतलं गोंदण, यांना जपा." नवऱ्याला बाजूला घेऊन शरीरसंबंधाचंही सांगितलं. त्यानं लगेच बाही वर केली, "माझंबी रक्त बघा." रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्याचीही लस सुरू केली.

सासूबाईंनी दूध पाजू दिलं. ताट मात्र डिस्चार्जपर्यंत वेगळंच राहिलं. मी गावच्या आशाताईंना फोन लावला: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंट लसीचे डोस (त्यात हिपॅटायटिस बीची लसही असते), शिवाय वर्षाच्या आत बाळाची रक्ततपासणी, यातली एकही तारीख चुकू द्यायची नाही. आणि घरी गेलात की त्या ताटाचं तेवढं बघा.