आमची वाटचाल : परतीचं भाडं आणि 22 पोती काथ्या

वडील गिरणीतून निघाले तेव्हा हातात जी रक्कम आली, ती त्यांनी 2003 साली माझ्यासमोर ठेवली. त्यात थोडं कर्ज घालून मी एक जुनी सहाचाकी टाटा घेतली. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसले ते मामा. नात्यातले नव्हेत, मोहोळकडचे. पण घरातली पोरंही त्यांना मामाच म्हणतात. ताडपत्री कशी ओढायची, रस्सीची गाठ कुठे मारायची, वजनकाट्यावर गाडी कशी उभी करायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरी भरायच्या, हैदराबाद, विजयवाडा, पुढे विशाखापट्टणमपर्यंत पोहोचवायच्या, हे आमचं मुख्य काम. 2010 पर्यंत तीन गाड्या झाल्या, आज नऊ आहेत. मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हप्ते, टायर, डिझेल, इतर ट्रान्सपोर्टवाल्यांचं असतं तेच.

या धंद्यात जाण्याच्या भाड्यात खर्च निघतो आणि कमाई परतीच्या भाड्यात असते. गाडी रिकामी झाली की ड्रायव्हर दलालाच्या ऑफिसबाहेर बसतो. एक दिवस, दोन दिवस. जेवणखाण चालू, हप्ता चालू. अशा वेळी दलाल जे देईल ते घ्यावंसं वाटतं. आंध्रातल्या कोनसीमेतले नारळ, कडियमच्या नर्सऱ्यांमधली रोपं, केळी हा त्या बाजूचा परतीचा माल. ताजे नारळ, रोपं, भाजीपाला यांवर जीएसटी नाही, म्हणून इ-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवानाही लागत नाही. एक बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची माल-पावती, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी एवढ्यावर दहा-पंधरा टन माल सातशे-आठशे किलोमीटर जातो. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ भागातला गांजा याच रस्त्यांनी महाराष्ट्रात येतो. नोव्हेंबर 2021 मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी विभागाने, नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात एका ट्रकमधून 1,100 किलोच्या वर गांजा पकडला, तेव्हा मी ती बातमी वाचून पेपर बाजूला ठेवला होता. आपला काय संबंध, असं वाटलं.

जानेवारी 2022. मामा नारळ भरत होते. दलालाने सांगितलं, वर 22 पोती काथ्या टाका, पुण्याला उतरवा, तीन हजार जास्त देतो. मामांनी मला फोन केला. "मालक, काथ्याची पार्टी वेगळी आहे, बिल नाही, चिठ्ठी आहे. घेऊ का?" मी म्हणालो, "घ्या की मामा, तीन हजार देतोय तर."

नाक्यावर गाडी अडवली. 22 पैकी चार पोत्यांत काथ्याच्या आत गांजा निघाला, 86 किलो. चिठ्ठीवरचा नंबर बंद. दलाल म्हणाला, पार्टी ओळखीची नव्हती.

त्या रात्री मामांना पोलीस ठाण्यातून एक फोन करू दिला. त्यांनी वकिलाचं विचारलं नाही, घरचं विचारलं नाही. म्हणाले, "मालक, तुम्हाला माहीत होतं ना, काय भरलंय ते?"

मी नाही म्हणालो. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या शब्दावर गाडी भरत होता, आणि आता माझा 'नाही' खरा की खोटा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मला वाटायचं, अशा प्रकरणात मालक ड्रायव्हरवर संशय घेतो. ड्रायव्हरही लॉकअपमध्ये बसून मालकाचा विचार करत असतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पुढचं सगळं वकिलांनी समजावलं. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. गांजा 20 किलोच्या वर गेला की तो व्यावसायिक प्रमाणात धरतात. शिक्षा 10 ते 20 वर्षं आणि दंड 1 ते 2 लाख. कलम 37 मुळे जामीन अवघड, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाला आधी खात्री पटावी लागते. कलम 35 आणि 54 प्रमाणे माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याला तो ठाऊक होता असं धरून चालतात. ठाऊक नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. 86 किलो लपवणारा माणूस कुठेच नाही, आणि सातवी शिकलेल्या मामांनी आपल्या मनात काय नव्हतं हे सिद्ध करायचं! हे मला आजही पटत नाही. तपास यंत्रणांचं काम अवघड आहे, मान्य. पण ड्रायव्हरला पोतं फोडायचा अधिकार नाही, आणि पोत्यात काय होतं याचा जाब मात्र त्यालाच.

तेरा महिन्यांनी जामीन झाला. तोवर मामींना पगार दर महिन्याला घरी पोहोचवला. खटला अजून चालू आहे.

गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती. कलम 60 प्रमाणे वाहन जप्त होऊ शकतं. सुटायचं तर मालकाला, त्याच्या माणसाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला काही माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाने शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे दाखवावं लागतं. काळजी! माझ्याकडे दाखवायला काय होतं? एक चिठ्ठी. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. टायर बसले, बॅटरी गेली, हप्ते मात्र चालू. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आसाममधल्या एका ट्रकमालकाचं प्रकरण. ट्रकमध्ये बसलेल्या एका प्रवाशाकडे साबणाच्या डब्यांत हेरॉइन सापडलं होतं. खटला संपेपर्यंत वाहन अटींवर मालकाकडे देता येतं, या कायद्यात त्याला सरसकट मनाई नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या आधारावर आम्ही पुन्हा अर्ज केला आणि साडेतीन वर्षांनी गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला हमी लिहून देऊन, घरी आली. इंजिन उतरवावं लागलं.

त्यानंतर आम्ही काम करायची पद्धत बदलली. बिलाशिवाय एक पोतंही चढत नाही. पाठवणाऱ्याचा जीएसटी नंबर ऑफिसातली मुलगी पोर्टलवर बघते. शेतमाल असेल तर पाठवणाऱ्याचं ओळखपत्र आणि माल भरतानाचा व्हिडिओ. पोत्यांची मोजणी, भरल्यावर काटापावती. केबिनमध्ये सवारी नाही, कुणाची "भावाला द्यायची" पिशवीही नाही. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरला सील असतं, आत काय हे ड्रायव्हरला कळणं शक्यच नाही. सप्टेंबर 2022 च्या शेवटी वाशीत आयात संत्र्यांच्या ट्रकमधून डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर विभागाने, 198 किलो मेथॅम्फेटामाइन आणि 9 किलो कोकेन पकडलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तिथे आम्ही एवढंच करू शकतो की सीलचा नंबर कागदाशी ताडून घ्यायचा, निघताना फोटो, पोहोचल्यावर फोटो.

पण या सगळ्याला तेव्हाच अर्थ येतो, जेव्हा ड्रायव्हर नाही म्हणू शकतो. म्हणून ठरवलं: शंका आली म्हणून माल नाकारला, तर हॉल्टिंगचा, म्हणजे थांबून राहिल्याचा, पूर्ण भत्ता द्यायचा, गाडी रिकामी आली तरी ट्रिपचे पैसे कापायचे नाहीत, आणि का नाकारलं हे विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या सर्वांत तरुण ड्रायव्हरने कडियममध्ये रोपांखाली आधीच ठेवलेली चार पोती उघडायला सांगितली. पार्टी तयार होईना. तो दोन दिवस थांबला आणि रिकामी गाडी घेऊन आला. पोत्यांत काय होतं, कुणास ठाऊक, खतही असेल. डिझेल-टोल धरून पंचवीस हजार गेले, ते टायर-पंक्चरच्या रकान्यातच लिहिले.

मामा आता गाडी चालवत नाहीत, यार्डात बसतात. त्यांनी त्या पोराला घरी जेवायला नेलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही.