चष्मा घालवण्याआधीचा हिशेब

आज लेसरच्या तपासणीला आलेल्या कितीतरी पोरांच्या डोळ्यांत सकाळपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स होती. अशानं कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशाच चुकतो. मऊ लेन्स निदान दोन आठवडे बंद हवी. मग जाडी. समजा कॉर्निया ४८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नंबर उणे ८. फ्लॅपला, म्हणजे लेसरआधी उचलायच्या वरच्या पापुद्र्याला, ११० गेले, लेसरनं दर नंबरमागे साधारण १५ घासले धरले तर आणखी १२०. खाली उरले २५०. ही अगदी शेवटची मर्यादा. त्याखाली कॉर्निया पुढं फुगायची भीती. इथं ‘बघा की डॉक्टर, जमवा काहीतरी’ चालत नाही.

तालमीतल्या पैलवानांना फ्लॅपचं लेसिक नकोच, कोपर लागलं की फ्लॅप सरकू शकतो. त्यांना पीआरके, म्हणजे फ्लॅप न करता वरूनच लेसर, बरं: तीन-चार दिवस डोळा जाम चुरचुरतो, पण सरकायला काही नसतं. आणि महिनाभर पंचगंगेत पोहणं बंद. रंकाळ्यावर फिरा खुशाल, गॉगल लावून.