दोन मिनिटांचा अंधार

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार, संध्याकाळचे सात. ऑफिसातून तशीच लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर गेले होते. ब्रिटिश अभिनेत्री मॅगी स्मिथ जाऊन चार दिवस झाले होते आणि वेस्ट एंडची, म्हणजे इथल्या नाटकांच्या पेठेतली, नाट्यगृहं त्यांच्यासाठी दोन मिनिटं बाहेरचे दिवे मालवणार होती. साडेसातच्या प्रयोगाची गर्दी दारात होतीच. दिवे गेले. तेवढ्यात गुलाबी फर लावलेली एक सायकलरिक्षा ढणाढणा गाणं वाजवत आमच्यासमोरून गेली. शेजारचे म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते, ते जरासुद्धा हलले नाहीत. मला मात्र त्या रिक्षावाल्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

आपल्याकडे असं काही होत नाही, असं लिहिणार होते. पण दिवे आपल्याकडे तसेही जातात! आणि २००१ मध्ये भक्ती बर्वे गेल्या तेव्हा डोंबिवलीच्या घरात आईने दिवसभर रेडिओ लावला नव्हता. 'ती फुलराणी' तिने तीनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा माझ्या वेळी सातवा महिना असताना. त्याची बातमी कोण छापणार?

त्याच आईला मॅगी स्मिथ म्हणजे 'हॅरी पॉटरमधली टोकदार टोपीवाली'. ऑफिसातल्या गोऱ्या पोरांनाही तेवढंच ठाऊक, म्हणून आईवर चिडत नाही. तरी राग येतोच. अहो, १९५२ साली ऑक्सफर्डला शेक्सपिअरची व्हायोला, १९६४ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएंच्या ऑथेल्लोसमोर डेस्डेमोना, ब्रॉडवेवर नाटकाचं टोनी पारितोषिक, सिनेमाची दोन ऑस्कर! त्यातलं दुसरं तर ऑस्कर हुकलेल्या नटीची भूमिका केल्याबद्दल मिळालेलं. २००८ मध्ये कर्करोगाचे उपचार चालू असताना बाई पॉटरच्या सेटवर हजर होत्या. एवढं सगळं करून शेवटी टोपीच लक्षात राहायची.

त्यांचा जन्म पूर्व लंडनमधल्या इलफर्डचा. मी कढीपत्ता आणते तेच इलफर्ड. चार वर्षांच्या असताना घर ऑक्सफर्डला गेलं, तेव्हा त्यांना गाववाल्या म्हणणं जरा ओढूनताणूनच आहे. पण मी म्हणते.

आता खरं सांगते. २०१९ च्या वसंतात ब्रिज थिएटरला त्यांचा एकपात्री प्रयोग होता. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याच्या सेक्रेटरीची भूमिका, चौऱ्याऐंशीव्या वर्षी शंभरेक मिनिटं एकट्या रंगमंचावर. मी वेबसाइट उघडली, तिकिटाच्या पौंडांना रुपयांसाठी नव्वदने गुणलं आणि बंद केली. मुलगा तेव्हा लहान होता, त्याला कुणाकडे ठेवणार? शिवाय इथे प्रयोगाला उशीर झाला की दारातच अडकवून ठेवतात, आपल्यासारखं अंधारात 'जरा पाय घ्या हो' करत घुसता येत नाही. इलफर्डहून थेट शहरात नेणारी एलिझाबेथ लाइन रेल्वेही सुरू झाली नव्हती. कारणं होती.

रात्री आईला फोनवर दिव्यांचं सगळं सांगितलं, म्हाताऱ्यांच्या टोपीसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तू त्यांचं नाटक कधी पाहिलंस गं?"

मी तिला गुडघा कसा आहे ते विचारलं.