लकी बांबूचं पाणी

पांढरकवड्याकडच्या आमच्या पट्ट्यात बांबूचं कोणाला अप्रूप नाही. सूप बांबूचं, टोपली बांबूची, गोठ्याची ताटी बांबूची. लग्नाचा मांडव त्यावरच उभा राहतो आणि शेवटची तिरडीही त्याचीच. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बायका बोलता बोलता टोपली विणून मोकळ्या होतात, तुमच्याकडे बघायचीही त्यांना गरज पडत नाही. अशा मुलखात बाजारातून काचेच्या ग्लासात तीन हिरव्या दांड्या येतात, कमरेला लाल फीत बांधून, आणि टीव्हीशेजारी मानाने बसतात.

आत्याबाईंना ते पटलं नाही. "अंगणात बांबू लावत नाही आपण, अन् तू घरात मांडून राह्यली?"

मी त्यांना सांगितलं की हा बांबूच नाही. बांबू हे गवत, धान-ज्वारीच्या कुळातलं. हे ड्रॅसिना, मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरून-काँगोकडच्या जंगलातलं झुडूप, आपल्या रानातल्या शतावरीच्या कुळातलं. त्याच्या शास्त्रीय नावात सँडर म्हणून इंग्लंडमधल्या ऑर्किडच्या एका व्यापाऱ्याचं नाव आहे. भाग्य वगैरे त्याला चिनी लोकांनी चिकटवलं. तीन दांड्या सुखाच्या, चार मात्र कोणाला द्यायच्या नाहीत. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नाव एकाचं, गाव दुसऱ्याचं. असू दे मंग." तिरडीशी संबंध नाही एवढं कळल्यावर त्यांचा विरोध संपला.

या झाडाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते दुसऱ्यांदा विकत आणावं लागत नाही. दुकानातल्या दांडीच्या वरच्या टोकाला मेण लावलेलं असतं. तिथे ती कापलेली असते, त्यामुळे वरून ती कधीच उंच होत नाही. वाढतो तो बाजूच्या पेरातून आलेला फुटवा. तो वीतभर झाला, त्याला चांगली पाच-सहा पानं आली, की नवं ब्लेड घ्यायचं आणि दांडीला अगदी लागून तो उतरवायचा. कात्री नको, कात्रीने देठ चेंबतो आणि चेंबलेला देठ पाण्यात सडतो. खालची पानं काढून टाकायची, कारण पाण्यात बुडालेलं पान दोन दिवसांत वास मारतं. मग फुटवा ग्लासात ठेवायचा, बूड बुडेल एवढंच पाणी. उजेड हवा, पण खिडकीतलं थेट ऊन नको, आमच्याकडचं तर नकोच.

त्यानंतर काही आठवडे काहीच होत नाही. थंडीत तर फारच रेंगाळतं. मग एक दिवस बुडाशी पांढरे ठिपके दिसतात, त्यांची टोकं लांबतात आणि मुळं चक्क केशरी-तांबडी होतात. शेजारची वहिनी घाबरून ग्लास घेऊन आली होती, "सडलं का वो हे?" सडलं नव्हतं, या झाडाची मुळं त्याच रंगाची. सडलेली दांडी पिवळी पडते, दाबली की मऊ लागते, आणि ती परत हिरवी होत नाही. ती उचलून फेकायची, नाहीतर शेजारच्या दोघींनाही घेऊन जाते.

कोजागिरीच्या सुमारास फुटवे पाण्यात ठेवले की संक्रांतीपर्यंत मुळं धरतात. गेल्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी मी तेच वाण दिलं. आता गल्लीत ते विरजणासारखं फिरतं, कोणाचं मूळ कोणाकडचं याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

पण खरी अडचण पाण्याची. या झाडाला माती नको, शेणखत नको, फवारणी नको. मागणं एकच, चांगलं पाणी. आणि आमच्याकडे नेमकं तेच नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडरचा वास असतो. ते सोपं आहे, भांडं रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंच उडून जातं. बोअर आणि हापशीच्या पाण्यातलं फ्लोराईड मात्र कुठे जात नाही. उकळलं तर पाणी कमी होतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नसावं असा नियम आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्या रेषेच्या वर आहेत. शाळेतल्या लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पाठ धरते. ड्रॅसिनाची जात या बाबतीत फार हळवी. हापशीचं पाणी घातलं की पानांची टोकं करपायला लागतात, आधी पिवळी, मग तपकिरी, कागदासारखी कडक.

म्हणून मी ग्लासात फिल्टरच्या कॅनचं पाणी घालायला लागले. घरात वीस लिटरचा कॅन येतो तो लहान लेकरांसाठी आणि पाहुण्यांसाठी. आत्याबाई त्याला हात लावत नाहीत, म्हणतात त्याला चव नाही. जन्मभर हापशीचं प्यायल्या, आता जिना चढताना कठडा धरतात. एकदा ओट्यापाशी उभ्या राहून माझं चाललेलं बघत होत्या.

"मले हापशीचं अन् त्याले फिल्टरचं?"

चेष्टाच होती. पण त्या दिवसापासून त्यांच्या तांब्यात मी गुपचूप कॅनचं पाणी भरते, आणि त्यांनी अजून चवीची तक्रार केलेली नाही. ओळखलं असेलही, त्यांच्या पोटात काय चाललंय ते चेहऱ्यावर कधीच येत नाही.

झाडासाठी मग मी पावसाचं पाणी धरायला लागले. टिनाच्या छपरावरून पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्यायचे, धूळ आणि पाखरांची घाण निघून जाते, मग ड्रम लावायचा. पावसाच्या पाण्यावर नवी पानं टोकापर्यंत हिरवी राहतात. जुनी करपलेली टोकं तशीच राहिली, ती कोणत्याही पाण्याने परत येत नाहीत.

श्रावणात आशाताई आल्या. डेंग्यूचे दिवस, त्या घरोघरी कूलर, टाकी, कुंडीखालच्या ताटल्या तपासत होत्या. टीव्हीशेजारचा ग्लास उचलून त्यांनी उजेडात धरला. डासाची अळी मोठी होऊन उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासायची, हे त्यांचं दरवर्षीचं सांगणं. मी दर शनिवारी पाणी बदलतेच, मुळं सडू नयेत म्हणून. ग्लास पास झाला. ड्रम मात्र उघडा सापडला आणि त्यावरून मला चांगलंच ऐकावं लागलं. जुनं लुगडं आणून, दोरीने आवळून बांधेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

जाताना त्यांची नजर परत ग्लासाकडे गेली. एक फुटवा काढून ओल्या फडक्यात गुंडाळून दिला, तो त्यांनी रजिस्टरच्या पिशवीत उभा ठेवला.

"आमच्याकडं पाणी लय खारं हाय," त्या म्हणाल्या. "चालन का?"

म्हटलं, "पावसाचं धरून ठेवा. पण झाकून हं, ताई."