दिसलं काय, वाटलं काय

शुक्रवार, रात्री साडेदहा

सातवीला आज शेवटचा तास माझा होता. फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. पेपरातून कापलेला एक फोटो बाकाबाकावरून फिरवला: भिंतीला टेकून बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, हातात कात्री. नियम एकच, फोटोवर बोट ठेवून दाखवता आलं तरच शब्द डावीकडं जाणार.

सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा आमची, कितीतरी घरांत विड्या वळतात. म्हटलं, दहा मिनिटांत उरकेल.

पहिलाच शब्द आला 'गरीब', आणि तोही डावीकडं.

"पायात चप्पल नाही की मॅडम."

"घरात बसलीय ती. घरात कोण चप्पल घालतंय बे?"

वर्ग हसला, पण 'गरीब' हलेना. भिंतीचा पोपडा दाखवून झाला, साडीही. शेवटी 'गरीब' उजवीकडं गेला आणि 'भिंतीचा रंग उडालाय' एवढंच डावीकडं राहिलं. मग 'शिकलेली नाही'. खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला नाही, बाकाकडं बघतच म्हणाली, "माझी आई बारावी झालीय. रोज हजार वळते." कोणी काही बोललं नाही. शब्द पुसायला मीच उठले.

गेल्या वर्षी 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' करून पाहिलं होतं. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाच्या १९८३च्या अशाच अभ्यासात ४,८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी बाई काढली होती, आणि त्या २८ही मुलीच. आमच्याकडंही दाढी, चष्मा, विस्कटलेले केस. पण चित्रं भिंतीवर लागली नि विषय संपला. आज निदान भांडण तरी झालं.

बी.एड.ला जेन इलियट या अमेरिकन शिक्षिकेबद्दल वाचलं होतं. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांनी आयोवातल्या आपल्या तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एक दिवस एक गट वरचढ, नंतर दुसरा. धाडस मोठं, पण माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. कमी लेखलं जाणं म्हणजे काय, हे आमच्या बऱ्याच पोरांना खेळ खेळून कळायची गरज नाही.

घंटा झाल्यावर मागच्या बाकावरचा एकजण दप्तर भरता भरता म्हणाला, "मॅडम, तुम्ही नोंदीत 'आळशी' लिहिता, ते कुठल्या बाजूला?"

हसून वेळ मारून नेली.

२०१०ला सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे नुसत्या परीक्षेवर न जाता वर्षभर मुलाकडं बघून मूल्यमापन, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदी लिहितेय. 'चंचल', 'टाळाटाळ करतो', 'पालकांचं लक्ष नाही' हे हात आपोआप लिहितो. आत्ता वही पुढ्यात आहे. त्याचंच पान काढलं: 'गृहपाठात टाळाटाळ करतो.' मला दिसलं होतं ते एवढंच, की या महिन्यात चार वेळा त्याची वही आली नाही. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतात, तेही मी कुणाकडून तरी ऐकलेलं.

'टाळाटाळ' खोडलं. 'वही चार वेळा आणली नाही' लिहिलं. उद्या विचारायचं, वही असते कुठं.

अजून अडतीस नोंदी बाकी आहेत.