केल्सो : गाडी थांबायची तोवर गाव होतं

लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाणारी आपली मंडळी बेकरला थांबतात, गॅस भरतात, पोरांना काहीतरी खायला घालतात आणि पुढे सुटतात. आम्हीही आजवर तेच केलं होतं. या खेपेला मी हट्टाने गाडी दक्षिणेकडे, केलबेकर रोडला घ्यायला लावली. "तिकडे आहे काय?" तर केल्सो नावाचं एक जुनं स्टेशन. सोबतच्या कुटुंबाला हे काही पटलं नाही आणि तिथे होतो तेवढा वेळ "वेगासला चेक-इन कधी करायचं?" हेच ऐकावं लागलं. त्याचा मला अजून राग आहे.

रस्ता भकास, आणि मला तो फार आवडला. काळा लाव्हा, थंड झालेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या, फोनला रेंज नाही. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर एकदम हिरवळ दिसते, ताडाची झाडं दिसतात, आणि त्यामागे लाल कौलांची, कमानींची ऐसपैस दुमजली इमारत. मोहावे वाळवंटाच्या मधोमध एवढं देखणं स्टेशन कोणी आणि कशाला बांधलं असेल?

कारण घाट. लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी हा लोहमार्ग १९०५ मध्ये पुरा झाला. केल्सोपासून वरच्या सिमा नावाच्या ठिकाणापर्यंत तीसेक किलोमीटरमध्ये गाडीला सुमारे २,००० फूट चढावं लागतं. वाफेच्या एकट्या इंजिनाला ते झेपणारं नव्हतं, म्हणून इथे मागून जादा इंजिनं जोडत. आपल्याकडे कसारा आणि कर्जतला बँकर लागतात, तेच. शिवाय जवळच्या प्रॉव्हिडन्स डोंगरात झरा होता, त्यामुळे इंजिनांना पाणी मिळालं. नाव ठरवायला म्हणे टोपीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि निघाली ती जॉन केल्सो नावाच्या कामगाराची, जो तोवर इथलं काम सोडून गेलेलाही होता.

आत्ताची इमारत १९२४ ची. खाली तिकीटघर, तारघर आणि खाणावळ, वर कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या. मी खिळून राहिले ती खाणावळीत. रेल्वेची माणसं तिला 'बीनरी' म्हणायची. वळणदार लांब काउंटर, त्याला लागून जमिनीत पक्की बसवलेली गोल स्टुलं. बँकर जोडेपर्यंत किंवा पाळी बदलेपर्यंत ड्रायव्हर, फायरमन, गार्ड इथे येऊन बसायचे. रात्री-अपरात्रीही गरम जेवण मिळायचं, कारण गाड्या रात्रीही यायच्या. मी कर्जतच्या वड्यावर वाढलेली. इंजिन जोडायला गाडी थांबते तेवढ्या मिनिटांवर एका गावाची चूल कशी चालते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. त्या स्टुलावर बसून मला वाटलं, इथे तीन-तीन पाळ्यांत भांडी घासणाऱ्या, अंडी तळणाऱ्या बायकांची नावं भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवीत.

दुसऱ्या महायुद्धात तर गावाची वस्ती २,००० च्या आसपास गेली. जवळच्या व्हल्कन खाणीतलं लोहखनिज इथून गाडीत भरून फोंटानाच्या पोलाद कारखान्यात जायचं. बाहेर अजून तेव्हाचा कैदखाना ठेवलाय : पोलादी पट्ट्यांचे दोन पिंजरे, दारू पिऊन दंगा करणाऱ्यांसाठी. मी हात लावला, पट्टी चटका बसण्याइतकी तापली होती. वर सावलीसुद्धा नाही. आत माणूस कोंडायचे ही कल्पनाच मला सहन झाली नाही.

युद्ध संपलं, खाण बंद झाली. मग डिझेल इंजिनं आली. त्यांना पाणी भरायला थांबावं लागेना, केल्सोचे बँकरही लागेनात. खाणावळ तरीही १९८५ पर्यंत तग धरून होती.

आम्ही फलाटाजवळ उभे असताना मालगाडी आली. पुढे इंजिनं, मागे दुमजली रचलेल्या कंटेनरची संपता न संपणारी रांग. जमीन थरथरत होती, पोरं डबे मोजता मोजता थकली. आणि शेवटीही इंजिन! पण त्यात माणूस नव्हता. ही मागची इंजिनं आता सुरुवातीपासूनच जोडून आणतात आणि पुढून रेडिओवर चालवतात. म्हणजे लोहमार्ग आजही गजबजलेला आहे, बँकरही आहे, फक्त थांबायचं कारण उरलं नाही. प्रवासी गाडीही १९९७ पासून नाही. ओस पडलेली शाळा आणि फळ्या ठोकलेलं पोस्ट मी त्यानंतर पाहिलं आणि मला रडूच आलं.

लास वेगासही याच लोहमार्गाने वसवलं. १५ मे १९०५ ला रेल्वेने तिथले प्लॉट लिलावात विकले. दोन्ही गावं एका वयाची. तिकडच्या कारंज्यांचे फोटो आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात, केल्सोचा एकही मी पाहिलेला नाही.

खाणावळ बंद झाल्यावर ही इमारतही पाडायची ठरली होती. भोवतालच्या लोकांनी आरडाओरडा करून ती वाचवली. पुढे १९९४ मध्ये हा सगळा भाग संरक्षित झाला आणि २००५ मध्ये स्टेशन माहिती केंद्र म्हणून उघडलं. जाणार असाल तर आधी ते सुरू आहे का पाहा, टाकी आणि पाणी बेकरलाच भरून घ्या, कारण आत पंप नाही. आणि घाई असलेल्या माणसांना कृपा करून सोबत नेऊ नका. जवळच्या केल्सो ड्यून्सची वाळू घसरताना घुमते म्हणतात. आम्हाला वेगास गाठायचं होतं, म्हणून ती ऐकायची राहिली.